कूड, खोली आणि नदीमुख : शापोऱ्याच्या स्थित्यंतराचा एक विचार

गोव्यातील शापोरा हे गाव पाहावयास जाणाऱ्याने प्रथम तेथील किल्ल्यावर चढावे. जांभ्या दगडाचा हा किल्ला आता बव्हंशी मोकळा आहे. तट व बुरूज उभे आहेत. आत पाहण्याजोगे फारसे उरलेले नाही. परंतु वरून जे दिसते ते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुरेसे आहे. उत्तरेस शापोरा नदी समुद्रास मिळते व तिच्या पलीकडे मोरजीची वाळू पसरलेली आहे. दक्षिणेस वागातोरचा किनारा व त्यापुढे हणजूण. पूर्वेस नदीच्या कडेने शिवोलीकडे जाणारा रस्ता. पायथ्याशी मासेमारीच्या होड्यांचा धक्का आहे, आणि थोडे आत वडाच्या झाडाजवळ लहानसा बाजार. या बाजारात मासळी विकणारी स्त्री, दुचाकी भाड्याने देणारा तरुण, फळांचा रस पीत बसलेला परदेशी आणि मुंबईहून रात्रभर मोटार हाकून आलेले चार मित्र हे सर्व एकाच वेळी दृष्टीस पडतात.

हे दृश्य पाहून बहुतेकांच्या तोंडी जे स्पष्टीकरण येते ते असे : पूर्वी हे शांत कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे गाव होते, १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाठीवर पिशव्या घेतलेले पाश्चात्त्य तरुण आले, त्यांच्यामुळे गाव बदलले, किंवा बिघडले. प्रस्तुत लेखाचा हेतू हे स्पष्टीकरण अपुरे आहे असे दाखविण्याचा आहे. पाहुणा आला त्यापूर्वीच त्याच्यासाठी खोली रिकामी झालेली होती, आणि ती रिकामी करण्याचे काम मुंबईने केले होते, असा आमचा मुद्दा आहे. म्हणून शापोऱ्याचा अभ्यास गिरगाव व परळ येथून सुरू करणे युक्त ठरेल.

१. नदीचा छेद

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला व त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस आले, हे आपणा सर्वांस ज्ञात आहे. गेडिस यांची एक आवडती कल्पना अशी की, डोंगरापासून समुद्रापर्यंत एखाद्या नदीखोऱ्याचा उभा छेद घेतला असता स्थळ, काम आणि लोक यांचे परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात कळतात. वर लाकूडतोड्या व मेंढपाळ, मध्ये शेतकरी, खाली कोळी असा तो क्रम. शापोऱ्याच्या बाबतीत ही कल्पना लावून पाहण्यासारखी आहे.

ही नदी सह्याद्रीत रामघाटाच्या परिसरात उगम पावते. महाराष्ट्रात तिचे नाव तिलारी; सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातून ती वाहते व तेथे तिच्यावर महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त धरणप्रकल्प आहे. गोव्यात शिरल्यावर ती कोलवाळ, शिवोली अशी गावे घेत समुद्राकडे येते व शापोरा हे नाव धारण करते. मुखाजवळच्या भागात ती नुसती नदी नाही, तर दोन इतिहासांमधील सीमा आहे. दक्षिण तीरावरील बार्देस १५४३ पासून पोर्तुगीजांकडे होते. उत्तर तीरावरील पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या हाती गेले. यामुळे एका तीरावर चर्च व ख्रिस्ती वस्तीचे प्राबल्य, तर दुसऱ्या तीरावर देवळे व हिंदू वस्तीचे, असा भेद आजही ठळक आहे. शिवोली व चोपडे यांच्या दरम्यानचा पूल होईपर्यंत दोन्ही तीरांना जोडणारे साधन म्हणजे फेरीबोट.

परंतु गेडिस यांचा छेद समुद्रापाशी संपतो, आणि या खोऱ्याचा छेद तेथे संपत नाही. त्याचे दुसरे टोक मुंबईस आहे. वरच्या भागातील माणसे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातील व १९८१ पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, परळ, लालबाग व दादर येथील गिरणीधंद्यात गेली. खालच्या भागातील, विशेषतः बार्देसमधील ख्रिस्ती पुरुष, मुंबईच्या गोदीतून जहाजांवर खलाशी, स्वयंपाकी व वाढपी म्हणून गेले, किंवा शहरातच आचारी, वादक, शिंपी व कारकून झाले. एकाच नदीकाठच्या या दोन प्रवाहांना मुंबईने दोन निरनिराळ्या वस्त्यांत सामावून घेतले. पण निवाऱ्याची पद्धत मात्र बरीचशी सारखी होती.

२. कूड

लालबाग-परळच्या चाळीत एका गावच्या पुरुषांनी मिळून खोली घ्यावी, पाळीपाळीने तीत झोपावे, जेवण खाणावळीत घ्यावे आणि पैसे गावी धाडावे, ही पद्धत आपल्या वाचकांस परिचित आहे. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांतील गोवेकरांची कूड ही संस्था तिच्याच जातीची, मात्र अधिक रीतसर. धोबीतलावावरील जेर महाल ही इमारत अशा कुडींसाठी प्रसिद्ध आहे. कूड म्हणजे एका गावच्या माणसांनी चालविलेले सामायिक वसतिस्थान. सभासदाची वर्गणी नाममात्र असे. प्रत्येकाच्या मालकीची वस्तू म्हणजे भिंतीलगत ठेवलेली पेटी. रात्री चटई अंथरावयाची व सकाळी ती गुंडाळावयाची. एका बाजूस गावच्या रक्षक संताची वेदी असे व सायंकाळी तेथे सामुदायिक प्रार्थना होई. जहाजावरून उतरलेला व पुढच्या जहाजाची वाट पाहणारा खलाशी येथे आठवडेच्या आठवडे राही. हाती पैसा नसेल त्या काळात त्याला सांभाळून घेतले जाई.

या संस्थेचे सांस्कृतिक महत्त्व मोठे आहे. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला, गोव्यात नव्हे. त्यामागे शहरात एकत्र राहणारा हाच प्रेक्षकवर्ग होता. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कुडीचे तीन परिणाम ध्यानात घ्यावयाचे आहेत.

पहिला असा की, कुडीत पुरुष राहत व गावी घर राही. परदेशी वा मुंबईहून आलेल्या पैशातून बार्देसमध्ये ओसरीची, कौलारू, ऐसपैस घरे बांधली गेली; पण ती पुरतेपणी वसविणारी माणसे घरात नसत. त्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने वारसांचे हक्क सांभाळल्यामुळे एका घराचे अनेक भागीदार होत, व ते मुंबई, पूर्व आफ्रिका, आखाती देश आणि पोर्तुगाल येथे विखुरलेले असत. घर मोठे, राहणारे थोडे, आणि विकावयाचे तर सर्वांच्या सह्या हव्यात, अशी स्थिती झाली.

दुसरा परिणाम असा की, बाहेरून येणाऱ्या पैशावर घर चालविण्याची सवय गावाला फार पूर्वीच जडली होती. शेती व मासेमारी यांवरच सर्व अवलंबून आहे, असे हे गाव पर्यटनपूर्व काळातही नव्हते.

तिसरा परिणाम बारीक आहे, पण निर्णायक आहे. इंग्रजी समजणारी, पाव आणि कॉफी नित्य घेणारी, जहाजावरच्या भटारखान्यात परकीयांसाठी स्वयंपाक करून आलेली माणसे या गावांत होती. परदेशी तरुणाला जे कोकणच्या दुसऱ्या एखाद्या सुंदर खाडीकाठी मिळाले नसते, ते येथे न मागता मिळाले. ज्या कौशल्याने पुढे पाहुण्याचे आतिथ्य झाले, ते कौशल्य मुंबईच्या गोदीत कमावलेले होते.

३. पाहुण्यांची वाट

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यापूर्वीच्या काही वर्षांत भारताच्या नाकेबंदीमुळे मुंबई व गोवा यांमधील दळणवळण तुटले होते. ते पुन्हा सुरू झाले. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट कोकणातील बंदरे घेत दुसऱ्या दिवशी पणजीस पोहोचे. कुडीतील माणूस सणाला घरी जाई तो याच बोटीने. आणि इस्तंबूल, तेहरान, काबूल या खुष्कीच्या मार्गाने दिल्लीस व तेथून मुंबईस आलेला पाश्चात्त्य तरुण गोव्यास जाई, तोही पुष्कळदा याच बोटीच्या डेकवर पथारी पसरून.

या तरुणांचे वर्गीकरण एरिक कोहेन यांनी १९७२ साली केले. संघटित समूहप्रवासी, व्यक्तिगत समूहप्रवासी, शोधक आणि भटका असे प्रवाशांचे चार प्रकार त्यांनी कल्पिले. भटका तो, की ज्याला ठरीव कार्यक्रम नको, हॉटेल नको, आणि जो यजमानाच्या घरातील चालीरीतींत शक्य तितका मिसळतो. बॅकपॅकर हा शब्द शास्त्रीय लेखनात पुढे १९९० नंतर रूढ झाला. कोहेन यांनी लगेच १९७३ साली एक इशाराही दिला होता : भटक्यांची संख्या वाढली की त्यांच्याभोवतीही स्वतंत्र खाणावळी, निवासस्थाने व ठरीव मार्ग निर्माण होतात, आणि ज्या चाकोरीपासून ते पळाले तिचीच दुसरी आवृत्ती तयार होते. त्याच वर्षी स्वस्तात आशिया पार करण्याविषयीची ‘लोनली प्लॅनेट’ची पहिली पुस्तिका प्रसिद्ध झाली. १९७९ मध्ये इराणातील क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे खुष्कीची वाट बंद झाली. पण तोवर हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू झालेला होता आणि गावाचे नाव जगाच्या नकाशावर चढले होते.

१९७० च्या दशकातील मुंबईची एक रात्र डोळ्यांसमोर आणावी. धोबीतलावावरील कुडीत बार्देसचा खलाशी जहाजाची वाट पाहत चटईवर पडला आहे. तेथून फार दूर नसलेल्या कुलाब्यातील एखाद्या स्वस्त वसतिगृहात युरोपीय तरुण गोव्याच्या बोटीची वाट पाहत पडला आहे. दोघांची मालमत्ता एकेका पेटीत वा पिशवीत मावणारी. एक आपले घर सोडून चालला आहे, आणि दुसरा त्याच घरातील रिकामी खोली भाड्याने घेण्यास निघाला आहे. दोघे एकमेकांस ओळखत नाहीत; पण एकाच्या जाण्यावाचून दुसऱ्याचे येणे घडले नसते.

४. भाड्याच्या तीन अवस्था

यापुढील इतिहास सामान्यतः संगीत, मादक द्रव्ये व रात्रीचे मेळावे यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. त्या गोष्टी खोट्या नाहीत. त्यांचे दुष्परिणामही गावाने भोगले आहेत. तथापि त्यांच्या कोलाहलात मूळ आर्थिक घटना झाकली जाते. ती घटना म्हणजे भाड्याच्या स्वरूपात झालेला पालट होय. त्याच्या तीन अवस्था करता येतात.

पहिली अवस्था खोलीची. घरमालकीण ओसरीलगतची एक खोली महिन्याच्या बोलीने देई. पाणी विहिरीचे, जेवण तिच्याच चुलीवरचे. येथे पाहुणा आणि यजमान एका छपराखाली राहत. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर, या भाड्यातील लहान भाग जागेचा मोबदला होता व मोठा भाग श्रमाचा. हे श्रम मुख्यतः स्त्रीचे होते, कारण पुरुष मुंबईत, जहाजावर वा आखातात असे. पाहुण्याचे वागणे तिला रुचले नाही तर ती त्याला खोली सोडावयास सांगू शके. नियंत्रण घरात होते.

दुसरी अवस्था हंगामाची. १९८० च्या दशकापासून नोव्हेंबर ते मार्च असे पर्यटनाचे वर्ष ठरून गेले. पाहुण्यांच्या निवासव्यवस्थेची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९८२ साली झाला. थेट युरोपातून येणारी विमाने दाबोळीस उतरू लागली. संपूर्ण घरच हंगामापुरते द्यावे व आपण मागच्या दोन खोल्यांत राहावे, ही रीत पडली. पावसाळ्यात पुन्हा गाव गावाचे होई. याच काळात विरोधही संघटित झाला. १९८७ साली ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने मोठ्या पर्यटनप्रकल्पांविरुद्ध आवाज उठविला. या विरोधाचा मुख्य रोख पिशवीवाल्या प्रवाशापेक्षा पंचतारांकित हॉटेले व विमानाने येणारे घाऊक पर्यटक यांच्यावर होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लहान खोलीत गावाला वाटा होता. मोठ्या हॉटेलात तो नव्हता.

तिसरी अवस्था जमिनीची. १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईस पूर्णपणे जोडली गेली. २००१ साली ‘दिल चाहता है’ या हिंदी चित्रपटातील तीन मित्र शापोऱ्याच्या तटावर बसलेले देशभर दिसले, आणि मुंबईच्या तरुणांना गोव्याची वारी करणे हे मैत्रीचे जणू कर्तव्यच वाटू लागले. नदीवर शिवोली-चोपडे पूल झाला व पेडण्याचा किनारा खुला झाला. मोरजीस रशियन पाहुण्यांची वसाहतच वसली. जानेवारी २०२३ पासून पेडण्यातील मोपा येथे नवा विमानतळ चालू झाला. आता खोली शोधणाऱ्या परदेशी पाहुण्यापेक्षा घर वा भूखंड विकत घेणारा मुंबई-दिल्लीचा गिऱ्हाईक अधिक महत्त्वाचा झाला आहे. विखुरलेल्या वारसांच्या सह्या पूर्वी मिळत नसत. किंमत पुरेशी वाढल्यावर त्या मिळू लागल्या. या अवस्थेत भाड्यातील श्रमाचा भाग यजमानिणीकडून सुटून बाहेरून आलेल्या पगारी माणसांकडे गेला, व जागेचा भाग नव्या मालकाकडे. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या हाती दोन्हींपैकी फारसे काही उरले नाही.

गाव बदलले ते या तिसऱ्या पालटाने, असे आमचे मत आहे. पहिल्या दोन अवस्थांत गावाने पाहुण्याला जागा दिली. तिसरीत गावाने जागाच दिली.

५. ज्यांच्याकडे खोली नव्हती

वरील विवेचन घरमालकाच्या बाजूचे झाले. परंतु गावात सर्वांचेच घर स्वतःच्या जमिनीवर नव्हते. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. त्याला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा व घराखालील जागा विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा १९७५ साली झाला. कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती त्यापाठोपाठ १९७६ मध्ये आली. म्हणजे गावात भाड्याचा पैसा खेळू लागला त्याच दशकात, ज्यांना भाड्याने देण्यासारखे काही नव्हते त्यांच्या पायाखाली प्रथमच कायदेशीर जमीन आली. हा योग अभ्यासकांनी पुरेसा जोखलेला नाही. मुंडकाराच्या कुटुंबाने बांधलेली एक जादा खोली आणि भाटकाराच्या वाड्यातील बंद दालन यांचे गावातील अर्थ एक नाहीत.

कोळ्यांची कथा निराळी आहे. याच १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकार यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध झगडत होते. वाळूवर जाळे ओढणाऱ्याला मोकळा किनारा लागतो. पाहुण्यांसाठी झोपड्या उभारणाऱ्यालाही तोच लागतो. १९९१ च्या किनारा-नियमन अधिसूचनेने बांधकामांवर बंधने घातली, पण किनाऱ्यावर काम करणाऱ्याचा व विश्रांती घेणाऱ्याचा हक्क यांतील तोल तिच्याने साधला गेला नाही. शापोऱ्याच्या धक्क्यावर आजही मासळी उतरते व होड्यांची डागडुजी चालते. नदीमुख जिवंत असल्याचे ते लक्षण आहे, आणि किल्ल्यावर जाणारे बहुतेक पाहुणे तेथे थांबत नाहीत. पलीकडे मोरजीस मादी कासवे अंडी घालण्यास येतात व ती घरटी राखण्याचे काम स्थानिक लोक १९९० च्या दशकापासून करीत आले आहेत, ही गोष्टही याच संदर्भात नमूद करावयास हवी. किनारा कोणाचा, या प्रश्नाला त्या लोकांनी दिलेले ते एक उत्तर आहे.

६. अन्यत्र काय घडले

नदीकाठच्या अशा वस्त्यांचे नियमन शासनाने एका फटक्यात केल्याची उदाहरणे आहेत. लाओस देशातील वांगव्हिएंग येथे नाम सोंग नदीत टायरच्या नळ्यांवर तरंगत जाणाऱ्या तरुणांसाठी काठोकाठ मद्यगृहे झाली होती. अपघाती मृत्यूंमुळे ती २०१२ साली बंद करण्यात आली. हंपीसमोर तुंगभद्रेच्या पलीकडील विरुपापूर गड्डी येथील पर्यटकनिवासे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर पाडण्यात आली. पहिल्या ठिकाणी प्रश्न जीविताचा होता, दुसऱ्या ठिकाणी वारशाच्या संरक्षणाचा. दोन्हींत कायद्याने बांधकाम पाहिले. घरातील खोली पाहिली नाही. शापोऱ्यास असा एक फटका बसलेला नाही. तेथील पालट व्यवहारांनी, एकेका खरेदीखताने झाला. म्हणून तो दिसण्यास कठीण व उलटविण्यास त्याहून कठीण आहे.

७. उपसंहार

शापोऱ्यास जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी की, पाहुण्यांच्या पेहरावाचे व संगीताचे वर्णन थोडक्यात आटोपावे. ते विपुल प्रमाणात झालेले आहे. त्याऐवजी एखाद्या वाड्यातील वीस घरे घ्यावीत व प्रत्येक घरास चार प्रश्न विचारावेत : या घरातून कोण, केव्हा व कोठे गेले? खोली पहिल्यांदा कोणाला, किती महिन्यांसाठी दिली? मिळालेले भाडे घरात कोणाच्या हाती राहिले? आणि आज या घराचा निर्णय कोण घेतो? या उत्तरांचा एक धागा हटकून मुंबईस येईल. तेव्हा परत येऊन जेर महालाच्या जिन्याने वर जावे. कुडींच्या नोंदवह्यांत सभासदांची ये-जा लिहिलेली असावयाची. तिचा मेळ गावच्या खोल्यांशी घालून पाहावा.

हे काम लवकर होणे अगत्याचे आहे. गिरगाव, परळ व लालबाग येथील जुन्या इमारतींच्या जागी नवी बांधकामे होत आहेत. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर गावकऱ्यांच्या सामायिक खोल्याही जात आहेत. बोट बंद झाली, जहाजावरची नोकरी मिळविण्याच्या रीती बदलल्या, व कुडीत उतरणारा खलाशी विरळ झाला. तिकडे त्याचे घर विकले जात आहे आणि इकडे त्याची चटई गुंडाळली जात आहे. या दोन घटनांना आपण आजवर दोन निरनिराळ्या शीर्षकांखाली, एक पर्यटन म्हणून व दुसरी नागरी पुनर्विकास म्हणून, नोंदवीत आलो. त्या एकाच नदीच्या छेदातील दोन टोके आहेत, एवढे जरी या लेखाने वाचकांच्या मनात ठसले, तरी त्याचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.